आधी माप, मग ग्लू : घरच्या घरी आयलॅश

लग्नाच्या दाट तिथीला वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर इथल्या पार्लरवाल्या ताईंना जेवायलाही फुरसत नसते. सकाळी एक नवरी खेड्यावर, दुपारी दुसरी मंगल कार्यालयात. नवरीचं सगळं वेळेवर होतं, कारण तिची वेळ कधीच ठरलेली असते. अडचण असते ती करवलीची, मावसबहिणीची, नव्या वहिनीची. त्यांनी घागरा शिवून घेतलेला असतो, आयलॅशची डबीही मागवलेली असते. फक्त ती लावून द्यायला कोणी मोकळं नसतं. मग आरशासमोर स्वतःच खटपट सुरू होते, आणि थोड्याच वेळात लॅश गालावर, ग्लू भुवईला आणि डोळा लाल अशी गत होते.

हे काम अवघड नाही, पण बहुतेकजणी ते उलट्या टोकाकडून करतात. डबी उघडली की पहिला हात ग्लूच्या ट्यूबकडे जातो. खरं म्हणजे लॅश संध्याकाळपर्यंत टिकणार की वरातीतच निघणार, हे ती डोळ्याला लागायच्या आधीच ठरून गेलेलं असतं. पट्टी किती कापली, किती वाकवली आणि ग्लू लावल्यावर किती थांबलो, या तीन गोष्टी ते ठरवतात. म्हणून या लेखात ग्लू थोडा उशिरा येईल. आणि गोंधळ नको म्हणून एवढं ठरवून घेऊ : कातडीच्या पडद्याला पापणी म्हणायचं, त्यावरच्या आपल्या केसांना पापणीचे केस, आणि डबीतून निघते ती लॅश.

पापणीच्या काठावर काय असतं

वरच्या पापणीला साधारण ९० ते १५० केस असतात, खालच्या पापणीला ७० ते ८०. वरचे केस ८ ते १२ मिलिमीटर लांब असतात. या केसांच्या मुळांमागे, बुबुळाच्या बाजूला, एक ओलसर कड असते. आपण काजळ भरतो ती हीच. या कडेवर मायबोमियन ग्रंथींची बारीक तोंडं ओळीने उघडतात. त्यांच्यातून येणारं तेल अश्रूंच्या थरावर पसरतं आणि डोळा लवकर कोरडा पडत नाही.

लॅशची जागा यावरूनच कळते. तिची पट्टी पापणीच्या कातडीवर बसवायची, केसांच्या मुळांच्या अगदी लगत वर. केसांवर बसवली तर काढताना केस घेऊनच निघते. ओलसर कडेवर बसवली तर ग्लू डोळ्यात जातो आणि तेलाची तोंडं बुजतात.

दुसरी लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे उघडझाप. माणूस मिनिटाला सरासरी १५ वेळा पापणी मिटतो. मेकअपपासून पाठवणीपर्यंत आठ तास धरले तर ही संख्या सात हजारांच्या पुढे जाते. तेवढ्या वेळा पट्टीही वाकते. पापणीचा मधला भाग फारसा वळत नाही. वळण असतं दोन टोकांना. पट्टी मात्र पापणीइतकी वळलेली नसते आणि सतत सरळ व्हायला बघते. लॅश नेहमी कोपऱ्यातूनच का सुटते, त्याचं कारण हे आहे. तिथे ग्लू कमी पडत नसतो. पट्टी लांब किंवा ताठ राहिलेली असते.

तिसरी गोष्ट लांबीची. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतल्या संशोधकांनी २०१५ साली २२ सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांची मापं तपासली. पापणीच्या केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश असते, असं त्यांना दिसलं. कृत्रिम डोळ्यावर वारा सोडून पाहिल्यावर याच लांबीला डोळ्यावर येणारा वारा आणि धूळ सर्वांत कमी भरली. केस त्याहून लांब झाले की उलट वारा आत वळवतात. वाशिमच्या एप्रिल-मेमधल्या झळा आणि मंडपाबाहेरची धूळ ज्यांना माहीत आहे, त्यांना या आकड्यांचं महत्त्व सांगायला नको. म्हणून पहिल्यांदा घेताना १० ते १२ मिलिमीटरच्या आसपासची लॅश घ्यावी. १८-२० मिलिमीटरची झुपकेदार लॅश फोटोत छान दिसते, पण ती जड असते, आणि चष्मा असेल तर काचेला घासते.

डबी निवडताना

बाजारात चार प्रकार दिसतात. पहिला अख्ख्या पट्टीचा. शिकायला हाच बरा. दुसरा अर्ध्या पट्टीचा, डोळ्याच्या बाहेरच्या निम्म्या भागापुरता. ज्यांचा हात थरथरतो किंवा ज्यांना आतल्या कोपऱ्याजवळ काही नेण्याची भीती वाटते, त्यांनी यापासून सुरुवात करावी. तिसरा सुट्या गुच्छांचा; दिसतो सर्वांत नैसर्गिक, पण एकेक गुच्छ बसवायला सराव लागतो. चौथा चुंबकाचा. त्यात लोहकण असलेलं आयलायनर आधी लावतात आणि पट्टीतले इवलेसे चुंबक त्याला धरतात. ग्लू चालत नसेल त्यांना हा प्रकार बघता येतो, मात्र लायनरचीही आधी चाचणी घ्यायची आणि एमआरआय तपासणीला जाताना दोन्ही काढून ठेवायचं. पार्लरमध्ये एकेका केसाला एकेक धागा चिकटवून देतात ते एक्स्टेन्शन वेगळं. त्याचा ग्लू वेगळ्या जातीचा असतो आणि ते काम स्वतःच्या डोळ्यावर स्वतः करण्याचं नाही.

पट्टी पातळ आणि मऊ बघून घ्यावी. बोटाभोवती धरली की सहज वळली पाहिजे. काळ्या धाग्याची पट्टी आयलायनरच्या रेघेत मिसळून जाते. लायनर लावायचं नसेल तर पारदर्शक पट्टी बरी. बहुतेक स्वस्त लॅश प्लास्टिकच्या बारीक धाग्यांच्या असतात. डबीवर नुसतं ‘मिंक’ लिहिलेलं असेल तर ते मिंक नावाच्या प्राण्याचे केस असू शकतात. ‘फॉ मिंक’ म्हणजे त्याची कृत्रिम नक्कल. शिरपूर आणि कारंजा ही जैनांची मोठी तीर्थस्थळं असलेल्या वाशिम जिल्ह्यात हा फरक अनेक घरांना महत्त्वाचा वाटेल.

लॅशबरोबर आणखी थोडं सामान लागतं. बोथट टोकाचा चिमटा किंवा पार्लरमध्ये ज्याला प्लकर म्हणतात तो, छोटी धारदार कात्री, कर्लर, मस्कारा, काळं आयलायनर, इअरबड, कापूस आणि टेबलावर सपाट ठेवता येईल असा आरसा. भिंतीवरचा आरसा या कामाला चालत नाही. का ते पुढे येईलच.

ग्लूबद्दल आधी सावधगिरी

डोळ्याजवळ काय चिकटवतो याची किंमत मोजल्याचं एक जुनं उदाहरण सिनेमाचं आहे. १९१६ साली आलेल्या डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या ‘इन्टॉलरन्स’ या मूकपटासाठी सीना ओवेन या नटीला माणसाच्या केसांच्या, जाळीदार कापडात ओवलेल्या लॅश लावल्या होत्या. त्या चिकटवायला वापरला होता स्पिरिट गम, म्हणजे नाटकातल्या दाढीमिशा लावायचा डिंक. एके दिवशी तिचे डोळे जवळजवळ मिटतील इतके सुजले, अशी आठवण तिच्या सहकलाकार लिलियन गिश यांनी लिहून ठेवली आहे.

आज पट्टीच्या लॅशसाठी वेगळा ग्लू मिळतो. त्यातला एक प्रकार लॅटेक्सचा, म्हणजे रबराच्या चिकाचा. फुगे फुगवताना किंवा रबरी हातमोजे घातल्यावर ज्यांना खाज येते, त्यांनी तो घेऊ नये. ‘लॅटेक्स-फ्री’ लिहिलेला घ्यावा. रंगाचं म्हणाल तर पांढरा ग्लू वाळल्यावर पारदर्शक होतो आणि काळा काळाच राहतो. पहिल्यांदा पांढरा घ्यावा. इकडेतिकडे लागला तरी डाग दिसत नाही, आणि रंग बदलला की वाळत आल्याचंही कळतं. ट्यूबवर उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख नसेल तर ती कितीही स्वस्त असो, परत ठेवावी. उघड्या डबीचं चित्र आणि त्यात ‘६ एम’ असं काही छापलेलं असतं; त्याचा अर्थ उघडल्यापासून सहा महिने.

घरातला झटपट चिकटणारा ग्लू, नखांचा ग्लू किंवा फेव्हिकॉल यांपैकी काहीही डोळ्याजवळ नेऊ नये. ‘एवढ्या थेंबाने काय होतंय’ हा विचार इथे चालत नाही. झटपट ग्लू ओलाव्याच्या स्पर्शानेच घट्ट होतो, आणि डोळा तर सदाच ओला असतो.

नवा ग्लू आणला की किमान दोन दिवस आधी चाचणी घ्यावी. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थेंबभर लावून वाळू द्यायचा आणि २४ ते ४८ तास बघायचं. लाली, खाज, पुरळ यांपैकी काही आलं तर तो ग्लू डोळ्यासाठी नाही. हळदीच्या दिवशी ट्यूब आणून लग्नाच्या दिवशी वापरली, तर ही चाचणी थेट डोळ्यावर होते.

आदल्या दिवशीचं काम : माप आणि वळण

लॅश डबीतून काढताना केसांना धरून ओढायचं नाही. बाहेरच्या टोकाजवळ पट्टीच चिमट्याने धरून हळूहळू सोडवायची. पट्टीला कारखान्यातला चिकटा राहिलेला असतो, तो बोटाने चोळून काढायचा. मग डावी-उजवी ओळखायची. आखूड केसांची बाजू नाकाकडे, लांब केसांची कानाकडे. एकदा ओळखली की डबीत त्याच जागी ठेवायची सवय लावायची.

आता माप. ग्लू न लावता लॅश पापणीवर टेकवून बघा. ती डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून सुरू होत नाही. तिथे आपले केसही नसतात. जिथे आपला पहिला केस उगवतो, कोपऱ्यापासून दोन-तीन मिलिमीटर सोडून, तिथून ती सुरू व्हायला हवी. बाहेरच्या बाजूला आपल्या शेवटच्या केसाच्या किंचित अलीकडे संपायला हवी. तिथून पुढे गेली तर टोक खाली झुकतं आणि डोळा रडका, थकलेला दिसतो.

जास्तीची पट्टी बहुतेक वेळा बाहेरच्या टोकाने कापायची, लांब केसांच्या बाजूने. आतून कापली तर लांब केस नाकाजवळ येतात आणि सगळा डौल बिघडतो. कापताना दोन केसांच्या मधून एकाच वेळी एक-दोन गुच्छ कापायचे आणि पुन्हा टेकवून बघायचं. कापलेलं जोडता येत नाही. दोन्ही डोळे तंतोतंत सारखे नसतात, म्हणून प्रत्येकाचं माप वेगळं घ्यावं.

माप झालं की वळण. पट्टी पेनाच्या किंवा मेकअप ब्रशच्या गोल दांड्याभोवती गुंडाळा आणि पाच-दहा मिनिटं तशीच राहू द्या. सोडल्यावर तिने कमानीसारखा आकार धरला पाहिजे. नंतर तिची दोन टोकं बोटांत धरून चार-सहा वेळा हलकेच पुढेमागे वाकवा. पट्टीतला ताठरपणा गेला की कोपऱ्यातून सुटण्याची निम्मी भीती गेली.

डोळ्याच्या ठेवणीप्रमाणे थोडा विचार इथेच करून घ्यावा. पापणीची घडी डोळ्यावर उतरत असेल तर फार दाट लॅशमुळे डोळा झाकल्यासारखा दिसतो. विरळ आणि मध्ये थोडी लांब अशी लॅश बरी. डोळे लहान असतील तर मधल्या भागात लांबी हवी. बाहेरचे कोपरे उतरते असतील तर पट्टी एक-दोन मिलिमीटर आणखी आखूड करावी.

लावताना

आधी चेहऱ्याचा मेकअप, मग आयशॅडो, मग लायनरची बारीक रेघ, आणि त्यानंतर लॅश, असा क्रम ठेवावा. पापणीवर तेल, क्रीम किंवा घाम राहिला तर ग्लू धरत नाही, म्हणून काठ कोरड्या कापसाने टिपून घ्यावा. वरच्या पापणीला घरचं काजळ लावायची सवय असेल तर त्या दिवशी टाळावं. तुपातलं किंवा तेलातलं काजळ ग्लूचा पहिला शत्रू आहे. आपले केस कर्लरने वळवून त्यांना मस्काऱ्याचा एक पातळ हात द्यावा आणि वाळू द्यावा. मग आपले केस सरळ आणि लॅश वळलेली, अशा दोन वेगळ्या ओळी दिसत नाहीत.

हात साबणाने धुवा. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात बसा. ऐनवेळी लाइट गेली तरी काम अडायचं नाही. आरसा टेबलावर हनुवटीच्या खाली सपाट ठेवा आणि मान न वाकवता नजर खाली न्या. असं बसलं की वरची पापणी अर्धी उतरते, तिचा काठ ताणून समोर येतो आणि डोळा पूर्ण मिटावाही लागत नाही. भिंतीच्या आरशात बघायला डोळा उघडावा लागतो आणि उघडल्यावर काठ घडीत लपतो, म्हणून तो नको. ही अर्धवट उतरलेली नजर बघायची असेल तर अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवा.

आता ग्लू. ट्यूब थेट पट्टीवर दाबू नका, भसकन जास्त येतो. हाताच्या पाठीवर थेंब काढून इअरबडच्या किंवा बारीक ब्रशच्या टोकाने पट्टीभर पातळ रेघ ओढा. दोन टोकांना किंचित जास्त. केसांना ग्लू लागला असेल तर लगेच पुसा.

आणि थांबा. या थांबण्यातच सगळं आहे. ओला ग्लू नुसता घसरतो. पट्टी इकडेतिकडे सरकते, आपण ती दाबतो आणि ग्लू डोळ्यात उतरतो. साधारण ३० ते ४५ सेकंदांनी पांढरा ग्लू धुरकट, अर्धपारदर्शक होऊ लागतो. हाताच्या पाठीवरचा थेंब बोटाने टेकवून उचलून बघा. एकतारी पाकासारखी बारीक तार सुटली की वेळ झाली. उन्हाळ्यात पंख्याखाली हे लवकर होतं, श्रावणात दमट हवेत मिनिटभरही लागतं. म्हणून घड्याळापेक्षा तारेवर भरवसा ठेवा. तार सुटायची बंद झाली असेल तर उशीर झाला. ग्लू सोलून पुन्हा लावा.

दोन्ही कोपरं टेबलावर टेकवा, हात आपोआप स्थिर होतो. चिमट्याने लॅशचा मधला भाग केसांच्या बाजूने धरा. नजर खाली ठेवून पट्टीचा मध्य पापणीच्या मध्यावर, केसांच्या मुळांना लागून टेकवा आणि पाच सेकंद धरा. मग बाहेरचं टोक बसवा. शेवटी आतलं. हा क्रम चुकवू नये. एका टोकापासून सुरुवात केली की दुसरं टोक कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही. मध्य पक्का झाला की दोन्ही टोकं आपापल्या जागी उतरतात.

तीनही ठिकाणी टेकली की चिमट्याच्या पाठीने किंवा बोटाच्या पेराने पट्टी दहा-पंधरा सेकंद अलगद मुळांकडे दाबा. त्यानंतरही लगेच डोळा विस्फारून आरशात बघायची घाई नको. आणखी अर्धं मिनिट नजर खाली. ग्लू पूर्ण वाळल्यावर आपले केस आणि लॅश दोन बोटांत हलकेच चिमटीत धरा म्हणजे दोन्ही एकजीव होतात. पट्टी आणि कातडी यांच्यात फट दिसत असेल तर लायनरने भरा.

उजव्या हाताने काम करणाऱ्यांना बहुतेक वेळा डावा डोळा जास्त त्रास देतो, कारण हात नाकावरून न्यावा लागतो. अवघड डोळा आधी करावा. तो जसा बसला तसा दुसरा जुळवता येतो, आणि तोवर धीरही शाबूत असतो.

बिनसलं तर

कोपरा सुटला तर अख्खी लॅश ओढून काढू नका. सुटलेलं टोक चिमट्याने किंचित उचला, इअरबडने तिथेच ग्लूचा ठिपका द्या, तार येईपर्यंत थांबा आणि दाबून धरा. सुईने किंवा टाचणीने हे काम कधीही करू नये. त्याच टोकाने पुन्हा दगा दिला तर पट्टी लांब आहे; काढून एक गुच्छ कापा.

लॅश लावल्यावर टोचत असेल तर ती बहुधा आतल्या कोपऱ्यात जास्त पुढे गेली आहे. ‘होईल सवय’ म्हणून सोडू नका. सवय होत नाही, डोळा लाल होतो. पापणी जड वाटत असेल तर लॅश दाट आहे किंवा ग्लू जाड लागला आहे.

ग्लू डोळ्यात गेलाच तर चोळू नका. लेन्स असेल तर काढा आणि डोळा उघडा ठेवून स्वच्छ वाहत्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं धुवा. त्यानंतरही आग, दुखणं किंवा अंधुक दिसणं राहिलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं, घरातल्या ड्रॉप्सवर भागवायचं नाही. चुकून झटपट ग्लूने पापण्या चिकटल्या तर ताणून उघडायच्या नाहीत. ओली घडी ठेवून सरळ दवाखाना गाठायचा.

आपल्या लग्नातले अडथळे

डबीवरच्या सूचना मुंडावळ्या बांधलेल्या नवरीचा विचार करून लिहिलेल्या नसतात. मुंडावळ्यांच्या सरी कपाळावरून दोन्ही कानशिलांशी लोंबतात आणि लॅशच्या बाहेरच्या टोकाशी त्यांची गाठ पडते. नवरीने स्वतः लॅश लावली असेल तर मुंडावळ्या बांधणाऱ्या मामीला किंवा आत्याला आधी सांगून ठेवावं, आणि बांधताना डोळे मिटून घ्यावेत. बाशिंग असेल तर हीच काळजी.

मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता तोंडावर येतातच. नजर खाली ठेवली की बऱ्याचशा कपाळावर अडतात. अक्षतेचा दाणा लॅशमध्ये अडकला तर बोटाने ओढू नये. चिमट्याने केसांच्या दिशेने, खालून वर काढावा. होमाच्या धुराने डोळ्यांतून पाणी आलं तर ते खालच्या पापणीपाशी कापडाने टिपायचं, वरच्या पापणीला हात लावायचा नाही. पाठवणीच्या रडण्यालाही हाच नियम. पुसायचं नाही, टिपायचं.

विदर्भातल्या मंडपात आणखी एक धोका असतो : मोठा कूलर. त्याचा झोत तोंडावर घेऊन बसलं की डोळा कोरडा पडतो, उघडझाप वाढते आणि लांब लॅश वाऱ्याने हलून कोपऱ्यावर ताण देते. झोत अंगावर घ्या, चेहऱ्यावर नको. पर्समध्ये ग्लूची ट्यूब, चिमटा, दोन-चार इअरबड आणि लॅशची रिकामी डबी असू द्यावी. फारच त्रास झाला तर काढून ठेवायला जागा हवी.

काढणं आणि जपणं

कितीही उशीर झाला, कितीही दमलात, तरी लॅश लावून झोपायचं नाही. झोपेत ती वळून डोळ्याला घासते आणि काठावर रात्रभर मळ साचतो.

कोमट पाण्यात भिजवून पिळलेला मऊ कापूस मिटलेल्या पापणीवर मिनिटभर ठेवा. ग्लू मऊ झाला नसेल तर इअरबडवर मेकअप रिमूव्हर किंवा खोबरेल तेलाचा अगदी थोडा ओलावा घेऊन पट्टीच्या बाजूने फिरवा. तेल डोळ्यात उतरू देऊ नका, थोडा वेळ धूसर दिसतं. मग एका बोटाने पापणीचं बाहेरचं टोक धरून, दुसऱ्या हाताने लॅश बाहेरून आत सावकाश सोडवा. कुठे अडली तर ओढू नका, पुन्हा ओलं करा. शेवटी सौम्य फेसवॉशने पापण्यांचा काठ धुवून घ्या.

पट्टीवर वाळलेला ग्लू चिमट्याने सोलला की पातळ सालीसारखा निघतो. हाताने पट्टी धरूनच सोला, नाहीतर केस उपटले जातात. ओल्या इअरबडने पुसून, वाळवून, डबीतल्या गोल साच्यावर डावी-उजवी बघून ठेवा म्हणजे वळण टिकतं. लॅशवर मस्कारा थापला नाही तर एक जोडी बऱ्याच वेळा वापरता येते. पट्टी पिळवटली, केस गळू लागले किंवा डोळ्याला संसर्ग होऊन गेला, की ती टाकून द्यायची.

लॅश कोणाला उसनी द्यायची नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. २०२३च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ पसरली होती आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात तिचा जोर मोठा होता. अशा संसर्गाला एकाच वस्तूला लागलेले दोघींचे हात पुरतात. लॅश तर थेट डोळ्यालाच लागते.

कोणी लावू नये

डोळे आलेले असताना, रांजणवाडी झालेली असताना, पापणीच्या काठाला खपल्या धरत असताना लॅश लावू नये. मोतीबिंदूची किंवा चष्म्याचा नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ती मेकअपच्या आधी घाला आणि लॅश काढण्याच्या आधी काढा. केमोथेरपीमुळे पापण्यांचे केस गेलेल्या कोणाला लॅश लावून बघावीशी वाटली तर त्यात गैर काही नाही. त्यांना केसांच्या ओळीचा आधार नसतो, म्हणून आधी लायनरची बारीक रेघ ओढून पट्टी तिच्यावर बसवता येते. पण त्या काळात कातडी नाजूक आणि संसर्गाची भीती जास्त असते, म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा होकार आधी.

किती सराव

पहिला सराव लग्नाच्या दिवशी नको. आठवडाभर आधी, घरात कोणी घाई करत नसताना, आधी ग्लूशिवाय नुसतं माप आणि टेकवणं करा. नजर खाली, मध्य आधी, मग बाहेरचं टोक, मग आतलं. हात बसला की दुसऱ्या दिवशी ग्लूसह, आणि त्या दिवशी लॅश दोन-तीन तास अंगावर वागवा. स्वयंपाक करा, कूलरसमोर बसा, फोटो काढून बघा. टोचते का, कोपरा उचलतो का, डोळा लाल होतो का, हे तेव्हाच कळलं तर सुधारायला वेळ असतो.

लग्नाच्या दिवशी या कामाला अर्धा तास वेगळा काढा. तेवढा वेळ नसेल, किंवा दुसऱ्या प्रयत्नातही लॅश बसली नाही, तर तिसऱ्यांदा ग्लू लावू नका. वारंवार ओढल्याने काठ सुजतो आणि सुजलेल्या काठावर कोणतीच लॅश नीट बसत नाही. पापणी पुसा, कर्लर फिरवा, मस्काऱ्याचे दोन हात द्या आणि मांडवात जा.